गढूळ होण्याआधी

आंतोफागास्तात, प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं मॉडेल पहाटे चारला संपतं
आणि सांगतं: स्फटिक बारा मायक्रॉनचे.
खाली भांड्यात ते चाळीसचे निघालेत,
भिजल्या पिठाच्या गाठींसारखे,
आणि गाठींच्या पोटात कोंडलेलं सोडियम.

लिथियमचं खारं पाणी वाळवंटातून टँकरने येतं,
पिवळट, दाट, बोटाला तेलासारखं.
त्यात आम्ही सोडा सोडतो, नव्वद अंशांवर,
कारण हे मीठ उलट्या काळजाचं:
साखर तापली की विरघळते,
हे तापलं की बाहेर येतं.

समीकरणात जन्म आहे, वाढ आहे, चिकटणं आहे.
दोन बारके चिकटले
की बारक्यांतून दोन वजा, थोरल्यांत एक जमा.
मीठ तेवढंच राहतं. हिशेब चोख.
मी फक्त जन्माचा घातांक हलवत बसते,
सहा, साडेसहा, सात,
आणि उत्तर बारावरून हलत नाही.

नोल्बेर्तो सतरा वर्षं त्या भांड्यापाशी आहे.
पडद्याकडे त्याने पाहिलंच नाही.
"तू दोघांची गाठ घालतेस कुठे?"
सगळीकडे, म्हटलं. एकाच क्षणी.
तो हसला, आणि मला जिन्यावरून खाली घेऊन गेला.

नळीच्या तोंडाशी, वीतभर जागेत,
पाण्याचं दूध झालं होतं.
पलीकडच्या काठाला ते काचेसारखं नितळ,
त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

"माझ्या एर्सिलियाने लग्न ठरवलं," तो म्हणाला,
"तेव्हा आख्ख्या वस्तीला एकदम कळलं होय?
दाराशी उभ्या होत्या, त्यांनीच आधी गिल्ला केला."

मग मी भांड्याचे तुकडे केले,
चार हजार खोल्या, प्रत्येकीची बातमी वेगळ्या वेळी.
नऊ दिवस यंत्र घरघरत राहिलं.
उत्तर एकतीस.
चाळीस नाही. पण बाराही नाही.

उरलेले नऊ कुठे गेले, ठाऊक नाही.
पाणी नितळ दिसतं त्या निमिषातही
कण जुळतात, पुरेसे होत नाहीत, परत विरघळतात.
त्यांच्यासाठी माझ्याकडे एक अक्षर आहे,
त्याची किंमत मी अंदाजाने भरते.

खिडकीबाहेर समुद्राकडून धुकं चढून आलंय,
काचेला टेकलंय.
इथे त्याचा पाऊस होत नाही.
नोल्बेर्तोने कॉफी ठेवली आणि विचारलं,
ढवळू का?