दोरी कधी हलवली

ह्यूऑन नदीकडं उतरणाऱ्या या टेकाडावर
सफरचंदांच्या बागेला पाठ करून
एक निलगिरी उभी आहे,
क्लाइव्हच्या पणज्यानं कुंपण घातलं त्याच्याही आधीची.
"हिला काय धाड भरलीय?" क्लाइव्ह म्हणतो.
"लॉर्नानं बोलावलं म्हणून आलीस. बघ नि जा."

मी पिशवीतून लाकडी मोगरी काढते.
उत्तरेला ठण्.
पूर्वेला ठण्.
दक्षिणेला, गुडघाभर उंचीवर,
ढब.
पुन्हा मारते. पुन्हा ढब,
रिकाम्या पिंपावर मूठ आपटावी तसं.

तिथंच मुळाशी बुरशी फुटलीय,
जळक्या पावाच्या रंगाची, दाबली की ओली.
वरच्या अंगाला माती उचललीय,
भेगेत माझा हात मनगटापर्यंत जातो.
आणि उंचावर, जिथं दोन थोराड फांद्या
एकाच जागेतून निघाल्यात,
तिथं साल आत दुमडलेली.
जोडल्यासारख्या दिसतात, जोडलेल्या नाहीत.
एका पांघरुणात पाठमोरं झोपावं तशा.

क्लाइव्ह माझ्या मागं मागं.
वारा इथं पश्चिमेचा असतो म्हणे,
पडलीच तर तळ्याकडं पडेल.
वाऱ्याचं मी काही बोलत नाही.
एकवीस वर्षं हे काम करतेय.
निलगिरी वाऱ्यासाठी थांबत नाही.
फेब्रुवारीतली दुपार असते,
पान हलत नसतं,
मेंढ्यासुद्धा झोपलेल्या,
आणि ती बैलाएवढी फांदी
नुसती सोडून देते.

मग चहा.
ओसरीतल्या खुर्च्या सगळ्या एका टोकाला, भिंतीला चिकटून.
कुत्र्याचं खोपटं भर उन्हात,
तिथं कुणी कुत्रा बांधत नाही.
कपड्यांच्या दोरीचे खांब नवे कोरे.
जुन्यांचे बुडखे मघाशी पाहिले होते गवतात,
झाडाखाली.

"दोरी कधी हलवली?"
लॉर्ना किटली खाली ठेवते.
"झाली दोन वर्षं. सावलीत वाळत नव्हते कपडे."
"त्याआधी?"
"त्याआधी चाळीस वर्षं वाळले."
स्वतःचंच वाक्य ऐकून ती गप्प होते.

आतल्या खोलीत नातवाची खाट
खिडकीपासून ओढून दाराशी आणलेली.
फरशीवर चार पायांचे जुने डाग
अजून खिडकीखाली.

क्लाइव्ह चमचा ढवळत राहतो.
साखर घातलेलीच नाही त्यानं.
"रात्री करकरते," तो म्हणतो, "पोर दचकतं."
बऱ्याच वेळानं म्हणतो,
"ट्रॅक्टर मीही आता फाटकापाशीच लावतो."

माझ्या अहवालात रकाने ठरलेले.
कल किती अंश. पोकळी किती टक्के.
झाडाखाली वावर कुणाचा.
मी लिहिते: कुणाचाच नाही.
खोडते.
लिहिते: दोन वर्षांपासून कुणाचाच नाही.

"अर्धी ठेवता येईल?" तो विचारतो.
"वरच्या ढोलीत पोपट येतात."
पाहू म्हणते. बुंध्याचा काही भाग, कदाचित.
तारीख ठरते. करवतवाले तिघं येतील.
बाग सोडून मेंढ्या त्या दिवशी खालच्या कुरणात.

तो मला गाडीपर्यंत पोचवायला येतो.
मोगरी हातात तशीच, मी सरळ निघते,
झाडाखालून, जवळचा रस्ता म्हणून.
मागं वळून बघते तर क्लाइव्ह नाही.
तो पलीकडून येतोय,
कुंपणाच्या कडेनं, भला मोठा वळसा घेत,
हवापाण्याचं काहीतरी बोलत,
आणि त्याच्या बुटांखाली, गवतात,
चांगली रुळलेली पायवाट.