कोणती बरणी हलली

रविवार ठरला. दसऱ्यानंतरचा दुसरा,
म्हणजे गरब्याच्या भोंग्यांनी बधिरलेले कान
तोवर ताळ्यावर येतील, असं सबनीसचं म्हणणं.
जागा माझी. वाघोडिया रोड, दुसरा मजला.
लिफ्ट आहे, पण तिच्यावर भरवसा नाही
आणि वोह्राचं खोकं एकटंच छप्पन्न किलो.

चार जण, चार सबवूफर.
सबनीसचा बंद पेटीचा,
एक शब्द बोलून गप्प होणारा, सबनीससारखाच.
वोह्राचा पोर्टवाला; तोंडाशी हात धरला
तर वैशाखातल्या दुपारची झुळूक लागते.
अद्वैतचा मकरपुऱ्याच्या हेमराज मिस्त्रीनं ठोकलेला,
अजून फेविकॉलचा वास मारणारा.
आणि माझा, जुना,
ज्याच्या कापडावर मांजरीनं नखं परजली.

नियम लिहिलेत, प्रॉव्हिडंट फंडाच्या जुन्या वहीत.
आवाज मीटरनं सारखा करायचा.
जो मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो,
माणसांच्या बाबतीतही ही चूक मी
कचेरीत तीस वर्षं केली.
मध्ये पडदा. पडद्याला बायकोची जांभळी साडी.
ती म्हणाली, घ्या, पण इस्त्री करून परत द्या.
किंमत कोणी बोलायची नाही.
कोपरा कोणाला, भिंत कोणाला, चिठ्ठ्या टाकू.
वाजत असताना चहा नको.
मागच्या वेळी बशीच वाजत होती
आणि आम्ही अर्धा तास तिची तारीफ केली.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
जूनमध्ये कान तपासले. डॉक्टरांनी कागद दिला:
रेघ डावीकडून सरळ चालत येते
आणि चार हजारांपाशी
जिन्यावरून पाय घसरावा तशी कोसळते.
तळणाची चुरचुर, नातीच्या तोंडातला स.
पहाटेच्या चिमण्या गेल्या, असं मी समजत होतो.
चिमण्या आहेत.
डावीकडचं शाबूत. खालचं सगळं ऐकू येतं.
म्हणजे छंदाला धक्का नाही, स्वतःला म्हटलं,
आणि कागद वहीतच ठेवला, नियमांच्या मागे.

राहिल्या रसीलाबेन. आमच्याच खाली.
परवानगी मागायला गेलो, पेढे घेऊन.
त्या मेथी निवडत होत्या.
"वगाडो ने, भाई," म्हणाल्या,
आणि मान वर न करता,
चाळीस वर्षांत उचललेल्या मराठीत:
"गुरुवारी तुम्ही काय लावलं होतं?
बडीशेपेची बरणी फिरत फिरत फळीच्या कडेला आली.
मंगळवारी नुसती हळदीची थरथरली,
ती तर कोणी दार आपटलं तरी थरथरते.
तुमचा तो जाडा मित्र आला होता ना,
तेव्हा एक पण बरणी हलली नाही.
पण पोटात असं काही झालं...
भूकंपाच्या सकाळी झालेलं ना, तसं.
पंखा हलायच्या जरा आधी."

मी उभाच, पेढ्यांचा पुडा हातात.
चौदा वर्षं मी वर माइक मांडतोय
आणि खाली ही बाई
अकरा बरण्यांवर मोजत बसलीय.

घरी येऊन वहीत खाडाखोड केली.
एकानं वर राहायचं, तारा बदलायला.
बाकीच्यांनी रसीलाबेनच्या ओट्यासमोर, पाटावर.
पडदा रद्द. मध्ये अख्खी स्लॅब आहे.
साडी परत केली; घडी मोडलीच नव्हती.

सबनीसला फोन लावला.
गुण कसे द्यायचे मग, त्यानं विचारलं.
म्हटलं, बरण्या मोज.
आणि एकही हलली नाही तर?
तर त्या मेथी निवडायच्या थांबतात का,
ते बघ.