आवक क्रमांक ४१७

आमच्या बंदरात नोंदीशिवाय काही तरंगत नाही.
नाळेवर नंबर नसेल तर टोकन नाही, टोकन नसेल तर डिझेल नाही.
खलाशी कोण, कुठले, कितीजण;
नेपाळहून आलेला, भात रांधणारा पोरगासुद्धा
माझ्या रजिस्टरात अंगठ्यासकट आहे.
होडी विकली, 'मत्स्यगंधा'ची 'साईकृपा' झाली,
तरी जुना मालक लाल शाईत खाली राहतो.
एकवीस वर्षं मी हेच करते.
खाडीवरून वारा फिरला की कागदांवर शिसं ठेवते,
जाळ्याला लावतात ते.

जुलैत, मासेमारी बंद असताना,
सुगंधा पावसे आल्या. हातात वहीचं फाडलेलं पान.
डोक्यावर पाटी नव्हती, म्हणून आधी ओळखलंच नाही.
"बाय, तुमच्याकं सगल्याची नोंद असते ना?
होरीला लंबर हाय. मानसाला नाय?"

मग बसल्या. पाणी प्यायल्या. मग सांगितलं.

तो सहा वर्षं आत होता.
गुन्हा शाबीत, शिक्षा भोगलेली, सगळं रीतसर.
सुटला, धोपाव्याला फेरीबोटीत बसला,
दाभोळला उतरला तेव्हा तालुका बदलला होता
आणि माणूसही:
पेटी वाजवणारा, गोड गळ्याचा,
सुट्टीत पोरांना पोहायला शिकवणारा मामा.
संस्थेच्या वसतिगृहावर रखवालदार लागला.
दाखला मागितला तो रहिवासाचा.
चारित्र्याचा? "अहो, आपल्यातलाच आहे."
चाव्यांचा जुडगा त्याच्या कमरेला.

पलीकडच्या त्या मुलीचं नाव
कुठे छापू नये असा कायदा आहे.
छापलं नाही कुणी.
नळावर, लिलावात,
शिमग्याला पालखी कुणाच्या दारात थांबवायची त्या भांडणात
गावाला पाठ झालं, एवढंच.
त्याचं नाव निकालपत्राच्या पहिल्या पानावर आहे,
बापाच्या नावासकट, टंकलिखित.
ते मात्र कुणाला आठवत नाही.

दिल्लीला एक यादी आहे म्हणतात, पोलिसांनी उघडायची.
उघडतात तेव्हा काहीतरी होऊन गेलेलं असतं.
नेमणुकीआधी शाळेने एक ओळ लिहून विचारावं,
विचारायलाच लागावं,
आणि आठवड्यात हो की नाही ते यावं;
गाव सोडलं माणसाने, तर नोंदीनेही त्याच बोटीत बसावं.
एवढं मागत होत्या सुगंधाबाई.

मी म्हटलं, नाव फुटलं की लोक दगड घेतील.
आणि घरातलाच असला कुणी, काका, मावशीचा नवरा,
त्याला कुठलं रजिस्टर पुरणार?

"दगड नको. त्याच्या आयशीला वलखते मी.
सुधारूं दे, शंभर वर्सां जगूं दे.
फकत चावी नको त्याच्या कमरेला.
घरातल्यांवर मी डोला ठेवते, बाय.
ह्याच्यावर तुमी ठेवा."

हे माझं खातं नव्हे, असं म्हणायला तोंड उघडलं.
बाहेर पायरीवर त्यांची लेक बसली होती,
वसतिगृहातून दोन दिवसांसाठी आलेली.
झावळ्यांनी शाकारलेल्या होड्यांच्या
उघड्या राहिलेल्या नाळा शोधून
नंबर मोठ्याने वाचत होती, घाई न करता.

पानावर 'विषय' नव्हता, 'महोदय' नव्हतं.
मी शिक्का मारला. अधिकार नसताना.
आवक क्रमांक ४१७.
प्रती पोलीस ठाण्याला, तहसीलला, संस्थेला.

नारळी पुनव झाली. होड्या गेल्या.
टोकन देता देता बोटं निळी झाली माझी.
लेकीला त्यांनी घरी आणलंय,
रोज पहाटेची एसटी, दीड तास जायला, दीड यायला.
बाकीच्या अठ्ठावीस मुली तिथेच आहेत.
दिवाळीत पोहण्याचा वर्ग भरणार असं ऐकते.

जावकच्या रकान्यात ४१६ पुढे तारीख आहे.
४१८ पुढेही, ते बर्फाच्या कारखान्याचं होतं.
मधल्या ओळीवर शिसं ठेवलंय मी,
रोज उचलते, बघते,
परत ठेवते.