तीन नंबरची होडी

डूगल्ड रँकिन क्लाइडच्या काठावरून आला
तेव्हा त्याची गोदी बंद पडून अकरा महिने झाले होते.
काखेत टी-स्क्वेअर, ओठात विझलेला पाइप,
आणि अंगात खऱ्या जहाजांची सवय.
लंडनबाहेरच्या एका शेडमध्ये आम्ही
दर आठवड्याला अंतराळ बनवायचो:
काळा पुठ्ठा, सुईनं पाडलेली भोकं, मागे दिवा.

पटकथेत त्याच्यासाठी एकच ओळ होती.
जुनं मालवाहू यान. पडद्यावर चार सेकंद. मग स्फोट.
त्यानं नऊ नकाशे काढले.

पहिल्यावर बाहेरचा आकार; दिग्दर्शकाला तेवढाच हवा होता.
बाकीच्यांवर कणा, फासळ्या, पत्र्यांचे सांधे,
स्वयंपाक्याची खोली इंजिनापासून लांब
(पहाटे उठणाऱ्याला झोप लागली पाहिजे),
आणि गरम नळ्यांमागे हातभर मोकळी जागा,
ओले मोजे वाळत घालायला.
"अंतराळात ओले मोजे?"
"पाय तर तेच ना, पोरी," तो म्हणाला
आणि मान वर न करता रेघ पुरी केली.

त्याची रेघ मला अजून जमत नाही.
पेन्सिल ओढताना बोटांत हळूच फिरवत न्यायची,
म्हणजे टोक एकाच अंगानं झिजत नाही,
रेघ निघते तशीच पोचते.

यान मी बांधलं.
खेळण्यातल्या रणगाड्यांचे सुटे भाग, दाढीच्या ब्लेडची डबी,
मागच्या झोताला लिंबू पिळायचं भांडं.
त्यानं चष्मा कपाळावर सारून पाहिलं.
"फार नवं आहे."
मग स्टुलावर बसून शिशाची भुकटी बोटानं चोळत
डाव्या कुशीवर तीन तिरपे ओरखडे काढले:
कप्तानाची पहिली खेप, धक्का अंदाजानं चुकलेला,
रंगाचे पैसे कंपनीनं दिले नाहीत.
हे सगळं त्याला कुणी सांगितलं, विचारायचं राहिलं.

चित्रीकरणात यान उलटं टांगतात.
कॅमेराही उलटा. लोक तार शोधतात ती वरच,
खाली कुणी बघत नाही.
सगळ्यांना ही युक्ती फार आवडायची.
डूगल्डनं ते पोट वर करून लोंबताना पाहिलं
आणि टोपी काढली.
"उलटलेलं जहाज..." इतकंच म्हणाला.
आम्ही दिवे लावत होतो.

चहाच्या सुट्टीत तो लेखकाकडे गेला.
ऑब्री सँडविच खात होता.
"माणसं चौसष्ट. होड्या आठ, प्रत्येकीत नऊ जागा.
मग कुणीच वाचलं नाही, हे कसं?"
ऑब्री म्हणाला, होड्या दिसणारच नाहीत.
"आहेत पण," डूगल्ड म्हणाला. "चौथा नकाशा बघा."
ऑब्रीनं नकाशा पाहिला. खरंच पाहिला.
मग म्हणाला, संवाद रेकॉर्ड झालेत, आता काय करणार.

स्फोट एकाच टेकमध्ये झाला. टाळ्या पडल्या.
जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस केसांत होता.
सगळे पबमध्ये गेल्यावर तो केरसुणी घेऊन आला,
गुडघ्यांवर बसला,
आणि फरशीवरचा काळा चुरा बोटानं चाळत राहिला.
आठपैकी एक सापडली.
काडेपेटीतल्या काडीएवढी, एका टोकाला वितळलेली.
ती त्यानं तंबाखूच्या डबीत ठेवली.

त्या मालिकेच्या टेपा पुढे पुसल्या,
त्यांवर फुटबॉलच्या मॅची भरल्या.
ते चार सेकंद आता कुठेच नाहीत.
चौथा नकाशा माझ्याकडे आहे.
उजव्या कोपऱ्यात, जिथे फेरफार नोंदवतात, त्याच्या अक्षरात:

सुधारणा अ. होडी क्रमांक ३ वेळेत सुटली. माणसं नऊ.

तारीख स्फोटाच्या दुसऱ्या दिवसाची. काढणार, डी. आर.
शेजारचा, तपासणाऱ्याच्या सहीचा चौकोन रिकामा होता
सव्वीस वर्षं.
काल तिथे मी सही केली,
पेन्सिल बोटांत हळूच फिरवत.