काही ग्रामस्थ

कुणाचाही फोन आला नव्हता.
हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं
अशा रात्री फोन येतोच.
आला तो उल्हास च्यारीचा, कुडचड्याहून.
मागे ट्रकांची घरघर, तिच्यावर चढून तो ओरडत होता:
घोटीव्हाळची ग्रामसभा आत्ता संपली,
खाण नको, असा ठराव झाला,
वर गेलेले हात मी स्वतः मोजले,
दोनदा मोजले,
चारशे बारा.

च्यारीच्या बातम्या लांब असतात.
देवळाच्या मंडपातला पंखा बंद होता, इथपासून सुरू होतात.
मी पंखा काढला. सरपंचाची खुर्ची काढली.
गोपिका वेळीप नावाच्या बाईचं वाक्य काढलं:
झरी आटल्यावर आम्ही काय परवाना पिऊ?
(चांगलं होतं. दोनदा वाचून काढलं.)

पान तीनवर खालचं अर्धं पान आधीच भरलेलं,
मंत्रिमहोदयांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
शुभेच्छुक एक खाण कंपनी आणि परिवार.
मंत्री हसत होते. छान हसतात.
माझी बातमी त्यांच्या खांद्याला टेकून बसणार होती.
त्या हसण्याजवळ चारशे बारा हा आकडा
कोण जाणे कसा,
पंगतीत मोठ्यानं बोलल्यासारखा वाटला.
मी तो पुसला, लिहिलं: काही.
मग चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी पर्वरीला, सभागृहात,
मंत्र्यांनी अंक उंच धरला,
घडी नेमकी माझ्या बातमीवर.
'मी म्हणत नाही, सभापती महोदय,
पेपर म्हणतोय. काही ग्रामस्थ.'
बाकं वाजली.
संध्याकाळभर चॅनेलच्या खालच्या पट्टीतून
काही ग्रामस्थ सरकत राहिले,
उजवीकडून येत, डावीकडे नाहीसे होत,
मध्ये सोन्याचा भाव.
रात्री आमच्या पर्वरीच्या वार्ताहरानं पाठवलं:
'विरोध मोजक्यांचाच: मंत्री'.
आमचाच शब्द,
पर्वरीचं पाणी लागून परतलेला,
अवतरणात बसलेला, अंगानं भरलेला.
त्याला आम्ही पहिल्या पानावर घेतलं.
मथळा मीच बांधला.

च्यारीनं काही विचारलं नाही. त्याला ओळीमागे पैसे मिळतात.
विचारलं गोपिकाबाईंनी. नंबर कुठून मिळवला, देव जाणे.
'कितें रे पुता,' एवढं त्यांच्या बोलीत,
पुढचं माझ्यासाठी जपून, शाळेतल्या मराठीत:
'आमच्या वाड्यावर पेपर न्हाव्याकडे येतो.
सगळ्यांनी वाचला. आता जो तो विचारतो,
त्या काहीत मी आहे का?
माझा घोव म्हणतो, तो आहे.
जाऊ रडते, ती मागे बसली होती, ती नसणार.
कोण कोण आहे ते तुम्ही सांगा,
म्हणजे घरातलं भांडण तरी मिटेल.'

मी म्हणालो, बाई, जागा नव्हती.

फोन ठेवल्यावर बोटांवर मोजलं.
काही. दोन अक्षरं.
चारशे. तीन.

खुलासा दिला आम्ही. पान सात,
निधनवार्तांच्या खाली, चार ओळी:
'चारशे बारा असे वाचावे.'
तो कुणी उंच धरला नाही.
लीजच्या फायलीला म्हणे
पहिल्या पानाचं कात्रण टाचलेलं आहे.

काल घोटीव्हाळला पुन्हा ग्रामसभा झाली.
साडेनवाला च्यारीचा फोन. बातमी छोटी,
पंख्याचं नाव नाही.
मी पेन धरून बसलो होतो. किती माणसं, उल्हास?
'होती काही,' तो म्हणाला.
पुढचं ऐकू येईना, मागून ट्रक जात होते,
एक, मग आणखी एक,
ते संपेपर्यंत थांबू म्हणून
मी रिसीव्हर कानाला लावून बसलो.