पावणेअकराची बोट

बोट पावणेअकराला आमच्या घरासमोरून जाते.
एकेचाळीस वर्षं तिला जाताना पाहिली,
भांडी विसळताना, नळ बंद करून,
दिव्यांची माळ या खडकापासून त्या खडकापर्यंत सरकेपर्यंत.
चढले मात्र कधी नाही.
घरावरून जाणाऱ्या बोटीत कोण पैसे घालतं?

या ऑक्टोबरात तिकीट निम्म्यावर आलं.
हेर्दिस म्हणाली, जा गं रागना, दीड दिवसाचा तर प्रश्न,
मेंढ्या मी बघते.
म्हणून बसने बोडो गाठलं
आणि जिथून आले
तिकडेच पाण्यावरून निघाले.

केबिन बिनखिडकीची, स्वस्तातली.
भिंतीवर खिडकीचं चित्र, चित्रात ताडाची झाडं.
जेवणात कॉड.
जो मासा मी जन्मभर कापला, टांगला, वाळवला,
तोच ताटाच्या मधोमध एवढासा, डोक्यावर हिरवं पान.
समोरची जर्मन बाई, वाल्ट्राउट,
त्याचा फोटो काढत होती.
मीही काढला. मग पुसून टाकला.

ओद्वार तीनदा दिवा लावायचा-विझवायचा.
रोज, पावणेअकराला, स्वयंपाकघरातला.
म्हणायचा, कप्तान बघतो.
मी म्हणायचे, कप्तानाला कामं नाहीत का रे?
तो गेल्यावर त्या बटणाला
मी कामापुरताच हात लावला.
निघताना मात्र हेर्दिसच्या एस्किलला किल्ली दिली.
नऊ वर्षांचा आहे, आकडे येतात.
तीनदा, असं बजावलं. डब्यात बिस्किटं आहेत.

साडेदहाला कर्ण्यातून आवाज आला: डाव्या बाजूला, आकाशात!
अख्खी बोट डावीकडे धावली,
कोणी मोज्यांवर, कोणी तोंडात घास तसाच.
वर हिरवं काही फडफडत होतं
आणि खाली माणसं आ वासून.
मी उजवीकडे, एकटी.
ते हिरवं मी पुष्कळ पाहिलंय, कपडे आत घेताना.

कठड्याशी एक खलाशी सिगारेट ओढत होता.
विचारलं, घराघरांतले दिवे कप्तानाला दिसतात का हो?
पोरगा खरं बोलणारा निघाला.
दिसतात, म्हणाला, शेकडो.
पण आम्ही पाहतो ते दीपगृहांचे. लाल, पांढरा, हिरवा.
बाकी नुसती वस्ती.

नुसती वस्ती!
ऐकलंस का, ओद्वार.

मग खडक आला, माझ्या खिडकीतून उजवीकडे असणारा,
आता डावीकडे.
मग होड्यांची खोपी.
मग काळोखात आणखी काळं, काडेपेटीएवढं.
एवढंच?
यात आम्ही दोन मुलं वाढवली.
यात पियानो आहे.

पावणेअकरा झाले. काही नाही.
बोट कोणासाठी थांबत नाही.
घर मागे पडू लागलं, मान वळवावी लागली,
आणि तेव्हा लागला. विझला. लागला. विझला.
चार, पाच...
पोरगं मोजायचं विसरलं, की मजा वाटू लागली त्याला?
सात. आठ.
मी हात वर केला, हातमोज्यासकट,
आणि दिसणार नाही हे माहीत असून
वेड्यासारखी हलवत राहिले.

वाल्ट्राउट धापा टाकत आली, नाक लालबुंद.
तुम्ही चुकवलंत, म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून,
कोण आहे तिकडे?
कोणी नाही, म्हटलं. माझंच घर आहे.

परवा परतले.
डब्यात चुरासुद्धा नव्हता,
आणि दिवा ढणढणत होता, बहुधा तेव्हापासून.
रात्री भांडी घासायला घेतली.
पावणेअकराला आली ती.
कठड्याशी कोणी असेल, नसेल,
आकाश कोरं, म्हणजे सगळे आतच असतील,
एवढ्याशा कॉडपुढे बसलेले.

ओलं बोट बटणापर्यंत गेलं.
आधी हात पूस, ओद्वार ओरडायचा.
पुसले.
तोवर बोट खडकाआड निम्मी गेली होती.
उरलेल्या निम्मीसाठी
दिवा विझवला,
लावला.