सशाच्या आवाजात

आधी वारा.
उखामामा बुराईच्या काठावर मूठभर फुफाटा उडवायचा,
धूळ ज्या अंगाला पळेल
त्या अंगाला दुसरा माणूस बसवायचा.
म्हणजे मला.
कोल्हा आवाजाकडे येत नाही, मामा सांगायचा,
आवाजाच्या वासाकडे येतो.
समोर दिसेल, मग दिसणार नाही,
वळसा घालून तुझ्याच अंगावर निघेल.
हालायचं नाही. खोकायचं तर नाहीच.

विडी नाही, केसांना तेल नाही,
आईनं धुतलेला शर्ट नाही.
साबणाचा वास म्हणजे माणूस,
एवढं त्याला शाळेत न जाता वाचता येतं.
मी बकऱ्यांच्या गोठ्यातलं गोणपाट पांघरून
तुरीच्या शेवटच्या ओळीत,
हनुवटी गुडघ्यांत,
नऊ वर्षांचा.

मग आवाज.
तळहाताची पाठ ओठांना लावून
मामा हवा आत ओढायचा,
आणि तारेत पाय अडकलेला ससा
त्या मिशाळ तोंडातून किंचाळायला लागायचा.
तीनदा मोठ्यानं. मग गप.
ससा दमतो रे, तुझ्यासारखा सलग रडत नाही.
मग हळू, तोंडात माती गेल्यासारखं.
मग शंभर मोजायचे.
घाईच्या माणसाचा कोल्हा
नेहमी शंभराच्या पुढं उभा असतो.

ससा चालला नाही तर पिल्लू काढायचं.
ते मामानं एकदाच काढलं.
फाल्गुन होता, तूर कापून झालेली,
लपायला बांधावरची एक बोर.
काशिनाथ गुजराच्या ठिबकच्या नळ्या
कोल्ह्यांनी चावून चाळण केल्या होत्या,
शेपटीमागे शंभर रुपये बोलला होता तो.
मामाचा घसा बारीक झाला,
इतका बारीक की मलाच कुणीतरी उचलून घ्यावं वाटलं.

ती आली.
तिनं वारा बघितला नाही.
वळसा घेतला नाही.
उघड्या रानातून, चांदण्यातून, सरळ,
शिकवलेलं एकेक मोडत
मामाच्या ठासणीसमोर येऊन उभी राहिली
आणि त्याच्या मागे बघू लागली,
इकडे, तिकडे.

बार ऐकू आला नाही.
मामा खोकला.
मोठ्यानं, दोनदा, विडी ओढणाऱ्या माणसासारखा.

घरी येताना अर्धी वाट सरल्यावर म्हणाला,
"माय व्हती रे ती."
पुढं काही नाही. नळ्यांचं काय झालं, आठवत नाही.

आता पौषात वनखात्याची जीप येते मोजणीला.
वनरक्षक प्रतिभा कोळी बॉनेटवर भोंगा ठेवतात,
त्यात कुठल्याशा परमुलखातला ससा रडतो,
सलग, न दमता, सात मिनिटं.
दादर सळसळते. कुणी येत नाही.
"संपले वाटतं इथले," म्हणत त्या वहीत शून्यासाठी पेन उघडतात.
मी म्हणतो, मॅडम, जीप लांब न्या,
डिझेल तुमच्या आधी पोचलंय.
आणि तो भोंगा बंद करा, तो ससा इथला नाही.

तळहाताची पाठ ओठांना लावतो.
चाळीस वर्षांनी निघतो तो,
जरा कफाचा, पण बुराईकाठचा.
तीनदा. गप. मग मातीतला.
ब्याऐंशीला त्या कुजबुजतात, काहीच नाही हो.
मी समोर बघतच नाही.
धूळ गेली त्या अंगाला,
तुरीची शेवटची ओळ,
जिथं आज कुणी पोरगं बसवलेलं नाही,
तिथं, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या कडेला
दोन निखारे.

"एक," त्या लिहितात. वेळ लिहितात.
तो हलत नाही. नाक वर करून
नसलेला ससा शोधतो, धीरानं,
बरोबर शिकल्यासारखा.
तारीख, गट नंबर, खाली सही.
वही मिटेपर्यंत मी थांबतो.

मग खोकतो.